एकाच दांड्याचं खोकं

“ही बॅटरी कुणी कापली?”

श्रीपाल पाया पडायला वाकला होता, तो अर्ध्यातच थांबला. सहा वर्षांनी या दुकानात पाय ठेवत होता. ये, बस, पाणी पी, एवढं तरी माणसानं म्हणावं. पण दस्तगीर वस्तादाला ती सवय आधी नव्हती, आता म्हातारपणी कुठून लागणार?

“मी कापली, वस्ताद.”

“कधी?”

“परवा. खोक्यात बसवायच्या आधी.”

वस्तादानं चष्मा कपाळावर सरकवला. श्रीपालनं आणलेल्या खोक्यातला गेमचा बोर्ड डोळ्यांच्या इतका जवळ नेला की हुंगतोय असं वाटावं. बॅटरीच्या जागी दोन चमकते ठोंब उरले होते. त्यावरनं त्यानं अंगठा फिरवला.

“पडदा निळा येतो?”

“हो. टीव्हीवर नुसता निळा. चित्र नाही, आवाज नाही. वायरिंग मी तीनदा तपासलं. वीज बरोबर येते, टीव्हीचं जोडकाम बरोबर आहे...”

“न्हाई यायचं चित्र.”

“म्हणजे?”

“मेला ह्यो.”

वस्तादानं बोर्ड टेबलावर ठेवला. आपटला नाही. हळूच ठेवला, आणि ते श्रीपालला जास्त लागलं.

हे दुकान मिरजेत, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. एकेकाळी गावात अकरा व्हिडिओ गेम पार्लर होते आणि अकराही पार्लरची मशिनं दुखण्याला याच माणसाकडं यायची. आता पार्लर गेले. कुठं मोबाइलचं दुकान झालं, कुठं कोंबडीचं. वस्ताद आता मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो. पोरांना मशीन म्हणजे काय ते सांगावं लागतं.

श्रीपाल मगदूम इथं शिकला. मग पुण्याला गेला, आणि तिकडं त्यानं नवीनच धंदा काढला. पार्लरमधल्या मोठ्या मशिनातला बोर्ड काढायचा, घासूनपुसून सागवानी खोक्यात बसवायचा, घरच्या टीव्हीला जोडता येईल असं करायचं. लोक दिवाणखान्यात ठेवतात आणि पाहुण्यांना दाखवतात. त्याचं नाव झालं. पुढं तो जयसिंगपुरात घरी परत आला, पण खोकी अजून मुंबई-बंगळूरला जातात.

आजचंही खोकं देखणं होतं. खोटं कशाला बोला. कोपरे गोल, पॉलिश असं की तोंड दिसावं.

“मेला कसा? परवापर्यंत चालत होता.”

“बॅटरी होती तवर चालत होता. काही जपानी बोर्ड असलं असत्यात. गेम सगळा कुलपात, आणि किल्ली त्या बॅटरीवर जगती. बनवणाऱ्यानंच तसं केलंय, कुणी नक्कल मारू नये म्हणून. बॅटरी सुटली की किल्ली पुसली. मग बोर्डाला सोताचं लिहिलेलं सोताला वाचता येत न्हाई.”

“मग जुनी झाल्यावर बदलायची कशी?”

“चालू ठिवून. बोर्ड जागा पायजे. जागेपणी बदलायची.”

श्रीपालच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“पण तुम्हीच शिकवलंत, वस्ताद! पहिल्याच आठवड्यात! जुना बोर्ड हातात आला की आधी बॅटरी काप. ती पाझरते, तांबं खाते. रोज सकाळी म्हणून घेत होतात माझ्याकडनं.”

“व्हय.”

“मग?”

“ते पयल्या वर्षाचं. कुठली कापायची न्हाई, ते मी चौथ्या वर्षाला सांगतो.”

...

“तू तिसऱ्या वर्षाला गेलास.”

गेला होता खरा. बावीस वर्षांचा होता. याच टेबलापाशी उभा राहून म्हणाला होता, वस्ताद, आता इथं शिकण्यासारखं काही उरलं नाही. वस्तादानं तेव्हा मान हलवली होती. त्या मान हलवण्याला श्रीपाल इतकी वर्षं होकार समजत आला होता.

“आजवर शेकडो बोर्ड केले मी,” तो म्हणाला. “एकही मेला नाही.”

“असला हातात आला नसंल.”

“नाही आला.”

“आला तर पयलाच मारलास.”

बाहेर कुणी तरी पंखा घेऊन आलं. वस्तादानं बोटानंच उद्याची खूण केली. माणूस गेला.

मग वस्तादानं खोकं ओढून घेतलं. पॉलिशकडं त्यानं पाहिलंच नाही. खोक्यावर खेळायचा दांडा होता. आखूड, आणि एका बाजूला चमत्कारिक वाकवलेला. त्याला मऊ रबर गुंडाळलं होतं. शेजारी पुरीएवढं एक बटण.

“कुणासाठी?”

“आहे एक गिऱ्हाईक.”

“गिऱ्हाइकाला दांडा असा वाकवून देतोस?”

वस्तादानं दांड्यावर आपली दोनच बोटं ठेवली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं. बाकीची मिटून घेतली. दांडा त्या दोन बोटांत बरोबर बसला.

श्रीपालनं मान खाली घातली.

“भरतेशसाठी.”

भरतेश त्याचा धाकटा भाऊ. लहानपणी थोरल्याचा डबा घेऊन या दुकानात यायचा तो इथंच राहायचा. कोपऱ्यातल्या मशीनवर मारामारीचा एक गेम होता. दोघांनी समोरासमोर उभं राहून खेळायचा. सोळाव्या वर्षी त्या गेमवर भरतेशपुढं उभं राहणारं कुणी उरलं नाही. इचलकरंजीची पोरं टोळी करून यायची आणि आईबहिणीवरनं शिव्या देत परत जायची. भरतेश हसायचा तोही भांडल्यासारखा. मागं पंधरा-वीस जण उभे, प्रत्येकाचं काही तरी म्हणणं, आणि मधे हा, दात विचकून, खांदे उडवत.

सहा वर्षांमागं मोटारसायकल घसरली. मानेत मोडला. मानेखालचं सगळं गेलं. उजव्या हाताचा पंजा तेवढा थोडा हलतो. त्यातली दोन बोटं.

“कसा हाय?”

“खात नाही.”

“कधीपासून?”

“आज अकरावा दिवस. आई चमचा लावते, तो तोंड मिटून घेतो. पाणी घेतो थोडं. डॉक्टर म्हणाले नाकातनं नळी घालू. त्याला तो नाही म्हणाला. शुद्धीत आहे, सगळं कळतं, मग जबरदस्ती कशी करणार? आता डॉक्टर म्हणतात, आठ दिवस. फार तर दहा.”

वस्ताद ऐकत होता. मधे एकदा त्यानं टेबलावरचा स्क्रू उचलून डबीत टाकला.

“मी त्याच्यापाशी बसलो, वस्ताद. रडलो. म्हटलं, तुला काय पाहिजे ते सांग. काय वाट्टेल ते. तर हे बोलला. गेम खेळायचाय म्हणाला. अकरा दिवसांत माझ्याशी तेवढंच बोलला. मग मी दोन दिवस झोपलो नाही. बोर्ड मिळवला, खोकं केलं, दांडा त्याच्या हातासारखा घडवला... आणि हे असं.”

“हे दुरुस्त व्हईत न्हाई.”

“परदेशात एक जण आहे. मेलेला बोर्ड पाठवला तर तो चालू करून देतो म्हणतात. जायला यायला दोन महिने लागतात.”

“दोन महिने हायत त्याच्याजवळ?”

...

दुकानाच्या कोपऱ्यात ते मशीन अजून उभं होतं. मिरजेतलं शेवटचं. माणसाएवढं उंच, काळपट, आतून पडदा उजळलेला. कुणी खेळत नव्हतं म्हणून ते आपलं आपणच खेळत होतं. दोन पैलवान एकमेकांना बुकलत होते, थांबत होते, पहिल्यापासून परत सुरू करत होते. आवाज बारीक ठेवला होता.

श्रीपाल तिकडं बघत होता. वस्ताद श्रीपालकडं.

“माग की.”

“तुमचा बोर्ड द्या, वस्ताद. हाच गेम आहे. माझ्या खोक्यात बसेल. भरतेश बरा झाला की... म्हणजे, जेवायला लागला की परत आणून देतो.”

वस्तादानं खिळ्यावर टांगलेला स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्याच्यापुढं धरला.

“काढ.”

एवढ्या लवकर मिळेल असं श्रीपालला वाटलं नव्हतं. विनवण्या करायच्या तयारीत असलेल्या माणसाला असं पटकन हातात मिळालं की तो जरा गांगरतो. त्यानं मशीन भिंतीपासून ओढलं, मागं बसला आणि फळीचे स्क्रू काढायला लागला.

फळी निघाली. आत धूळ नव्हती. फळीच्या आतल्या बाजूला खडूनं सहा तारखा लिहिल्या होत्या, चार-पाच वर्षांच्या अंतरानं, एकाखाली एक. काय ते विचारायची श्रीपालला गरज पडली नाही. सहा वेळा या म्हाताऱ्यानं चालत्या मशीनमध्ये हात घालून बॅटरी बदलली होती.

“टीव्ही कुठं लावलास?” वस्तादानं खुर्चीतूनच विचारलं.

“त्याच्या खोलीत. पायथ्याशी.”

“खिडकी?”

“आहे. बंद असते. धूळ येते.”

“संगं कोण असतं त्याच्या?”

“आई. मी.”

“आणि?”

“नर्स येते सकाळी.”

“आणि?”

श्रीपाल स्क्रू फिरवत राहिला.

“दोस्तलोक?”

“यायचे सुरुवातीला. त्याला त्रास होतो, वस्ताद. दमतो तो.”

“मी दोनदा आलतो जयसिंगपूरला. एकदा पावसाळ्यात, एकदा ईदीच्या दुसऱ्या दिवशी. शिरखुर्मा घिऊन. दारातनंच सांगितलंस, झोपलाय.”

“झोपला होता.”

“दोनी येळंला?”

स्क्रू हातातून निसटून मशीनच्या आत पडला. श्रीपालनं हात घालून तो शोधायला सुरुवात केली. सापडेना.

“खोक्याला दांडा एकच काढलास.”

“त्याला एकच लागतो.”

“ह्यो गेम दोघांचा हाय.”

“समोर मशीनच खेळतं की. तशी सोय आहे गेममध्ये. मी सोपं करून ठेवणार होतो. अगदी सोपं. आणि बाजूला एक कळ दिली आहे, ती दाबली की परत डाव मिळतो. कितीही वेळा.”

“म्हंजी कधी मरायचाच न्हाई?”

“नाही.”

वस्तादानं कोपऱ्याकडं बघितलं. मशीनमधले पैलवान बुकलत होते, त्यांचा बारीक आवाज तेवढा येत होता.

“काय म्हणाला भरतेश?”

“सांगितलं ना. गेम खेळायचाय म्हणाला.”

“त्याचं शब्द सांग.”

“हेच.”

“तुझं झालं हे. त्याचं सांग.”

श्रीपाल मशीनच्या मागं होता. तिथून तो वस्तादाला दिसत नव्हता आणि वस्ताद त्याला. तरी त्याला वाटलं, कुणी तरी कॉलर धरली आहे.

“म्हणाला...”

...

“म्हणाला, वस्तादाकडं जाऊन एक डाव टाकायचाय.”

“आणि तू माझ्याकडनं बोर्ड न्यायला निघालास.”

श्रीपाल उठून पुढं आला. हातातला स्क्रूड्रायव्हर त्यानं छातीशी घट्ट धरला होता.

“अहो, तुम्ही त्याला बघितलं नाही! बोलायला काय जातंय? त्याला हलवायचा म्हणजे काय असतं माहीत आहे? पाठीला जखमा आहेत. लघवीची पिशवी लावलेली असते. वास येतो त्याला.”

“माझ्या दुकानाला बी येतो.”

“गाडीत कसा घालायचा?”

“मी आणि तू. आणखी दोघं बोलावू.”

“दार अरुंद आहे तुमचं.”

“फळी काढली की रुंद हुतं.”

“वाटेत काही झालं तर?”

“घरी काय हुतंय?”

श्रीपाल ओरडला. गरीब स्वभावाची माणसं ओरडतात तेव्हा आवाज चिरकतो, तसा त्याचा चिरकला.

“लोक बघतील, वस्ताद! गल्ली गोळा होईल! ज्यांना त्यानं लोळवलं तेच येऊन उभे राहतील बघायला. त्याला कसं वाटेल?”

“त्याला का तुला?”

...

“गल्लीत काय म्हणत्यात ठावं हाय मला,” वस्ताद म्हणाला. आवाज चढवला नाही. “भरतेशच गाडी चालवत हुता. मस्ती नडली त्याची. माज हुता, उतरला. सहा वर्सं हेच ऐकतोय. चहाच्या गाड्यावर ऐकतोय, मशिदीच्या पायरीवर ऐकतोय.”

श्रीपाल खाली बसला. स्टूल होतं शेजारी, पण तो जमिनीवरच बसला.

“मी चालवत होतो,” तो म्हणाला.

वस्तादानं कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

“पुण्याहून येत होतो. पेठ नाक्याच्या पुढं. तो मागं होता, हळू चालव म्हणत होता. पोलीस आले तेव्हा मी शुद्धीवर नव्हतो. त्यानंच जबाब दिला. रस्त्यावर पडूनच दिला, मान मोडलेली असताना. गाडी मीच चालवत होतो, असं तो म्हणाला. मला दवाखान्यात जाग आली तेव्हा सगळ्यांना तेच माहीत होतं. आईलासुद्धा... मी म्हटलं, नंतर सांगू. मग नंतर... एकदा गेलं की वस्ताद, राहतंच ते.”

“त्यानं काढला विषय कधी?”

“कधीच नाही. एकदाही नाही. म्हणून तर...” तो थांबला. “चार माणसांत आला आणि बोलला तर?”

झालं. एवढंच होतं. जखमा, पिशवी, अरुंद दार, सगळं त्या एका गोष्टीवर टाकलेलं पांघरूण होतं. ते आता सरकलं, आणि श्रीपालनंच आपल्या हातानं सरकवलं. दोन हातांनी तोंड झाकून तो बसला.

शहाणा माणूस अशा वेळी पाठीवरनं हात फिरवतो, दोन शब्द बोलतो. वस्तादानं त्यातलं काही केलं नाही. तो गुडघ्यावर हात देऊन उठला, मशीनच्या मागं गेला आणि त्यानं प्लग ओढला. पैलवान विझले.

“वस्ताद! बंद केलंत?”

“बॅटरी हाय की आत. मी न्हाई कापलेली.”

मग त्यानं पडलेला स्क्रू बोटांनी चाचपून काढला, मागची फळी जागेवर धरली आणि स्क्रू पिळून टाकले. एक, दोन, तीन, चार. बोर्ड आतच राहिला.

पोटमाळ्याखालून त्यानं दोन गोणपाटं ओढली, जमिनीवर अंथरली.

“धर.”

“काय करताय?”

“धर म्हणतो न्हवं.”

दोघांनी मिळून मशीन पाठीवर निजवलं. एवढं थोरलं धूड, बांगड्यांच्या दुकानातल्या बाईनं रस्त्यापलीकडनं मान उंचावून बघितलं. वस्तादानं कानावरची पेन्सिल काढली.

“चाकाची खुर्ची हाय त्याच्याकडं?”

“आहे. दाराआड घडी करून ठेवली आहे.”

“तिचा हात जमिनीपासनं किती उंच?”

श्रीपालला सांगता येईना. पलंगाची उंची त्याला माहीत होती. टीव्हीची, टेबलाची, दोन बोटांमधल्या जागेची, सगळी मापं तोंडपाठ होती. खुर्चीचं माप नव्हतं.

“कधी बसवलावता शेवटचं?”

“चार वर्षं झाली.”

वस्तादानं स्वतःची लाकडी खुर्ची ओढली, तिच्यात बसला, हात खुर्चीच्या हातावर टेकवला आणि श्रीपालला टेप दिली. श्रीपालनं गुडघे टेकून माप घेतलं. आकडा सांगितला. वस्तादानं मशीनच्या तळापासून मोजलं आणि दोन्ही बाजूंना रेघ मारली. तळाची वीतभर फळी रेघेच्या खाली आली.

मग त्यानं करवत घेतली.

“वस्ताद, अहो... पंचवीस वर्षं ठेवलंत हे. शेवटचं आहे.”

करवत लागली. प्लायवूड जुनं, वाळून खडखडीत झालेलं. भुसा पिवळा पडत होता. वस्ताद दहा-बारा वेळा ओढायचा, मग थांबायचा, श्वास घ्यायचा, परत ओढायचा. रेघ चुकत होती. भलतीकडंच कुठं तरी कड कापली जात होती, आणि तो थांबत नव्हता.

श्रीपाल उभा राहून बघत होता. कितीतरी वेळ नुसता बघत होता.

शेवटी त्यानं पुढं होऊन वस्तादाच्या हातातून करवत घेतली. वस्तादानं दिली. बाजूला सरकून फळीवर गुडघा दाबून बसला, हलू नये म्हणून.

एक बाजू झाली, दुसरी झाली. मग पुढची पट्टी. तळ सुटला तेव्हा श्रीपालचा सदरा पाठीला चिकटला होता आणि तळहाताला फोड आला होता. त्याच्या खोक्यांचं सुतारकाम दुसरा माणूस करतो. करवत त्यानं बऱ्याच वर्षांत धरली नव्हती.

मशीन उभं केलं. बुटकं झालं होतं. कुरूपच झालं, खरं सांगायचं तर. एका अंगाला थोडं कलतही होतं, वस्तादानं तिथं पुठ्ठ्याची घडी सारली. मग प्लग लावला.

पडदा काळा राहिला.

मग उजळला. पैलवान आले आणि परत एकमेकांना बुकलायला लागले. दोन दांडे, दोन्हीकडं बटणं, सगळं आता बसलेल्या माणसाच्या हाताखाली.

श्रीपालनं आपल्या खोक्यातनं तो वाकवलेला, रबर गुंडाळलेला दांडा काढला आणि मशीनच्या डाव्या बाजूला बसवला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जुना सरळ दांडा त्यानं वस्तादाच्या डबीत ठेवला. रिकामं खोकं टेबलाखाली सारलं. मेलेला बोर्ड त्याच्यातच होता.

“उद्या आणतो,” तो म्हणाला. “दहाच्या सुमाराला. नर्स येऊन गेली की.”

“आण.”

“आईला आज रात्री सांगतो. गाडी कोण चालवत होतं ते. त्यानं सांगायच्या आधी.”

वस्ताद भुसा झाडून काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

श्रीपाल दारापर्यंत गेला. रुमालानं तोंड पुसलं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या जिवाला थोडी जागा झाल्यासारखं वाटत होतं, आणि माणसाला अशी जागा झाली की तो लगेच त्यात काही तरी भरायला बघतो. तो परत वळला.

“दुसरा दांडा मी धरीन, वस्ताद. त्याच्यासमोर मीच बसेन.”

“बस की.”

“तुम्ही काळजी करू नका. पहिले दोन-तीन डाव मी मुद्दाम हरेन. त्याला कळणारसुद्धा नाही. जिंकला की जेवेल तो.”

झाडू थांबला.

वस्तादानं त्याच्याकडं पाहिलं. मग बुटक्या झालेल्या मशीनकडं. मग परत त्याच्याकडं.

...

“मग नको आणू.”